ओटीपी पुतण्याच्या फोनवर

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून थोडक्यात सांगते. ताई निवृत्त शिक्षिका, यजमान सरकारी खात्यातून निवृत्त. मुलगी आणि जावई लिस्बनला असतात, त्यांच्याकडे दोघं मे महिन्यात पाच आठवड्यांसाठी निघाली आहेत. दोन वर्षांपूर्वी दुबईत यजमानांचं कार्ड दुकानात चाललं नाही. बिल जावयानं भरलं आणि उरलेली सहल यजमानांनी तोंड फुगवून काढली. म्हणून या खेपेला बँकेत रीतसर अर्ज देऊन जावं, असं ताईंचं म्हणणं. यजमान ठाम नकार देतात. शाखेतली निम्मी माणसं ओळखीची, तिथं सांगणं म्हणजे तिस्कावर, भर चौकात, दवंडी पिटणं, पाच आठवडे घराला कुलूप आहे हे साऱ्या गावाला कळेल, असं त्यांचं मत. शिवाय घरात एक जुनी जखम आहे. पोर्तुगिजांच्या काळात आजेसासूच्या पाटल्या बँकेत गहाण होत्या, त्या गोवा मुक्तीच्या आधी लिस्बनला गेल्या आणि सासरे हयात असेपर्यंत परत आल्या नाहीत. ‘बँकेला जितकं कमी सांगावं तितकं बरं’ हे वाक्य त्या घरात वारशानं आलंय. ताई विचारतात, ‘यांना न सांगता मी एकटीनं जाऊन अर्ज दिला तर चालेल का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नवराबायकोचं भांडण म्हणून, दुसऱ्यांदा बँकेत तीस वर्षं काढलेली बाई म्हणून. दुसऱ्या वाचनात एका वाक्यावर अडकले. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्याकडे शेवटी येते.

आधी अर्जाचं. समजा, तुम्ही एकट्या शाखेत गेलात. फूलस्केपवर ‘मी अमुक तारखेपासून परदेशी जात आहे, तरी माझे कार्ड चालू ठेवावे ही विनंती’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलंत. काऊंटरवरची मुलगी त्यावर इनवर्डचा शिक्का मारेल, तारीख टाकेल, तुमच्या प्रतीवर सही करून देईल. कागद ट्रेमध्ये जाईल, ट्रेमधून फाईलमध्ये. तुम्ही निर्धास्त होऊन घरी याल. आणि लिस्बनला कार्ड पुन्हा नाकारलं जाईल. कारण कार्ड चालवायचं की अडवायचं हे ठरवणारं यंत्र तुमची फाईल उघडत नाही.

हे मी अनुभवानं सांगतेय. २०२२ साली मी सिंगापूरला गेले होते. जाण्याआधी माझ्या बँकेला (जिथं नोकरी केली ती नव्हे, दुसऱ्या) मी पत्र दिलं, वर कस्टमर केअरलाही फोन केला. ‘नोंद घेतली आहे, मॅडम,’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला उभी राहिले. कार्ड घातलं, पिन दाबला, पडद्यावर ‘डिक्लाइन्ड’. काऊंटरवरच्या मुलीनं हसून पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. माझ्यामागं चार माणसं, आणि मला खोकल्याची उबळ. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं सुरू करून दिलेली बाई मी. औषध परत ठेवून बाहेर आले.

हॉटेलवर जाऊन फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडलं तेव्हा उलगडा झाला. वर्षभरापूर्वी जुन्या कार्डाची मुदत संपून नवं कार्ड आलं होतं, आणि त्यावरचा परदेशातल्या वापराचा स्विच बंद होता. माझी ‘नोंद’ बँकेत कुठंतरी होती. स्विच मात्र माझ्याच फोनमध्ये होता.

तो स्विच आला कुठून, ते सांगते. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बँकांनी ते पुरतं अंमलात आणलं. त्यानुसार नवं कार्ड देताना किंवा जुनं बदलून देताना ते फक्त भारतातल्या एटीएमसाठी आणि दुकानातल्या मशिनसाठीच सुरू असतं. परदेशातला वापर, ऑनलाईन खरेदी आणि नुसतं टेकवून पैसे देणं, या तिन्ही सोयी ग्राहकानं स्वतः सुरू करायच्या. जी जुनी कार्डं परदेशात कधी वापरलीच नव्हती, त्यांचीही ती सोय बंद करायला सांगितलं होतं. सोय सुरू किंवा बंद करणं, मर्यादा ठरवणं हे सगळं अ‍ॅपमधून, नेटबँकिंगमधून, एटीएमवर किंवा फोनवरून दिवसाचे चोवीस तास करता यायला हवं, असाही नियम आहे. दुबईत नेमकं काय झालं ते मला इथं बसून सांगता येणार नाही, पण माझी पैज या स्विचवर.

म्हणजे बघा, तुम्ही दोघं ज्यावरून भांडताय ती गोष्ट दोघं समजताय तशी नाहीच. तुम्हाला वाटतं बँकेला सांगितलं की परवानगी मिळते. त्यांना वाटतं बँकेला सांगितलं की गावाला कळतं. पण मुख्य काम शाखेत न जाता, घरच्या सोप्यावर बसून होतं. कुणाला काही सांगावं लागत नाही.

मग ‘प्रवासाआधी बँकेला कळवा’ असं जिकडेतिकडे का लिहिलेलं असतं? त्यातला बराचसा सल्ला अमेरिकेतून आलेला, आणि तिकडच्या बऱ्याच मोठ्या बँका आता तशी सूचना मागतही नाहीत. पण त्यामागचं कारण खोटं नाही. तुमचं कार्ड वर्षभर फोंड्याच्या बाजारात, पेट्रोल पंपावर आणि पणजीच्या एखाद्या दुकानात दिसतं. एके दिवशी तेच कार्ड अचानक दोह्याच्या विमानतळावर कॉफी घेतं आणि काही तासांनी लिस्बनच्या एटीएममधून तीनशे युरो काढू पाहतं. यंत्राला वाटतं, कार्ड चोरीला गेलं. ते व्यवहार अडवतं, मेसेज पाठवतं, कधी फोनही येतो. स्विच सुरू असूनही अशी अडवणूक होऊ शकते. म्हणून तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये प्रवासाची माहिती भरायची सोय असेल तर जरूर भरा. नसेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारा. देश लिहिताना वाटेतलाही लिहा, कारण विमान बदलायला सहा तास बसलात की चहा-सँडविच होतंच. परतीची तारीख दोन-चार दिवस पुढची द्या.

आता यजमानांची भीती. त्यांना हसू नका. घर पाच आठवडे बंद राहणार ही काळजी रास्त आहे, आणि लहान गावात बातमी कशी पळते हे मी काऊंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेतल्या माणसाचं कर्तव्य असतं, आणि बहुतेक जण ते पाळतात. पण ‘काय वहिनी, लिस्बनला चालल्यात म्हणे!’ हे प्रेमानं बोललं जातं, आणि मासळी बाजारात ते प्रेम फार दूरवर ऐकू जातं. तेव्हा शाखेत सांगू नका, अ‍ॅपमध्ये भरा. यावर त्यांचंही काही म्हणणं असू नये. (तुमची मुलगी विमानतळावरचा फोटो स्टेटसला टाकणार नाही याची खात्री करा. घर बंद असल्याची दवंडी हल्ली तिथून पिटली जाते.)

त्या पाटल्यांचंही बोलायला हवं. फोंड्यापासून काणकोणापर्यंत कितीतरी घरांत ही कथा आहे. गोंयकारांनी गहाण ठेवलेलं सोनं मुक्तीच्या आधी लिस्बनला हलवलं गेलं आणि १९९१ मध्ये परत आलं. तीस वर्षं. तोवर पावत्या कुजल्या होत्या, माणसं गेली होती. तुमच्या घरच्या पाटल्या पुढं मिळाल्या की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या घरात वाढलेल्या माणसाला ‘आता काळ बदलला’ असं सांगून पटणार नाही. त्यांना एवढंच विचारून बघा, बँकेला कमी सांगायचं हे ठीक, पण बँकेनं जे सांगायचं ते आपल्याला कळायला नको का?

इथंच ते वाक्य येतं. तुम्ही लिहिलंय, ‘मोबाईलचं आम्हाला फारसं कळत नाही, ओटीपी आला की मडगावचा पुतण्या फोन करून सांगतो.’

ताई, म्हणजे तुमच्या खात्याला जोडलेला नंबर पुतण्याचा आहे. कधीतरी फॉर्म त्यानं भरला असेल आणि सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकला असेल. मुलगा चांगला आहे यात शंका नाही. पण यजमान बँकेतल्या कारकुनापासून जे लपवू पाहताहेत ते सगळं, पेन्शन कधी जमा झाली, किती काढले, कुठं खर्च केले, मेसेज होऊन मडगावला पुतण्याच्या खिशात वाजतंय. गेली कित्येक वर्षं.

लिस्बनमध्ये याचे काय काय परिणाम होतील बघा. तिथल्या दुकानात आणि एटीएमवर ओटीपी सहसा लागत नाही, पिनवर काम होतं, म्हणून वरवर पाहता अडणार नाही. पण यंत्रानं व्यवहार अडवला की चौकशीचा मेसेज पुतण्याला जाणार. बँकेचं अ‍ॅप तुमच्या फोनवर सुरू करायला गेलात तर बऱ्याच बँकांची अ‍ॅप्स नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासतात. ते मडगावला. म्हणजे मी हॉटेलच्या खोलीत जे पाच मिनिटांत केलं, ते तुम्हाला करता येणार नाही. आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे लांबवले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भार पडत नाही. उशीर झाला की पडू लागतो. हे दिवस मेसेज आल्यापासून मोजले जातात. तो पुतण्याच्या फोनवर आला आणि तो बिचारा चतुर्थीच्या नाहीतर लग्नाच्या गडबडीत असला, तरी दिवस मोजले जातच राहणार.

तेव्हा शाखेत जायचंच असेल तर या कामासाठी जा, आणि दोघं मिळून जा. खात्याचा मोबाईल नंबर बदलून घ्या. आधार, पॅन, पासबुक बरोबर ठेवा. ‘नंबर बदलायचाय’ एवढंच म्हणा, लिस्बनचं नाव काढायची गरज नाही. हे निघायच्या आधी निदान तीन आठवडे करा, कारण नंबर बदलल्यावर काही बँका थोडा काळ व्यवहारांवर मर्यादा ठेवतात.

पत्रात तुम्ही सगळीकडे ‘आमचं कार्ड’ म्हणता. खातं दोघांचं आहे, पण कार्ड त्यांच्या नावाचं, पिन त्यांच्या डोक्यात, पाकीट त्यांच्या खिशात. लिस्बनच्या ट्राममध्ये ते पाकीट मारलं गेलं, तर दोघांकडे मिळून किती मार्ग उरतात? किंवा एक दिवस त्यांना बरं नसलं आणि औषध आणायला तुम्ही एकट्या निघालात तर? दुबईत जावयापुढं मान खाली गेली ती कार्ड नाकारलं म्हणून, हे अर्धंच खरं. दुसरं कार्ड नव्हतं म्हणून ती गेली. संयुक्त खात्यावर, ‘दोघांपैकी कुणीही’ अशी व्यवस्था असेल तर तुमच्या नावाचं वेगळं डेबिट कार्ड मिळतं. ते मागून घ्या. नवं कार्ड म्हणजे परदेशाचा स्विच बंद, हे आता तुम्हाला माहीत आहे.

स्विच लावण्याआधी दोन्ही कार्डं चष्मा लावून नीट वाचा. काहींवर बारीक अक्षरात ‘फक्त भारतात वैध’ छापलेलं असतं. अशा कार्डाला परदेशाचा स्विचच नसतो. पेन्शनच्या खात्यावर किंवा सहकारी बँकेकडून मिळालेलं रुपे कार्ड बऱ्याचदा असं देशांतर्गत असतं. रुपेचं परदेशात चालणारं कार्ड वेगळं मिळतं, ते डिस्कव्हर आणि डायनर्स क्लबच्या जाळ्यावर चालतं. तुमचं कार्ड देशांतर्गत निघालं तर बदलून घ्या. मुदतही पाहा. मे-जूनमध्ये संपत असेल तर नवं कार्ड कुलूप लावलेल्या घरी येईल आणि तुम्ही तिकडं जुनं घेऊन बसाल.

अ‍ॅपमध्ये परदेशाच्या भागात एटीएम, दुकान, ऑनलाईन असे वेगवेगळे स्विच असतात. पहिले दोन सुरू करा, ऑनलाईन बंदच ठेवा. परदेशी संकेतस्थळं बऱ्याचदा ओटीपी न विचारताच पैसे कापतात. रोजची मर्यादा बेताची लावा, लागली तर तिथून वाढवता येते.

फोनचं सांगते, कारण इथं भलेभले फसतात. मुलगी विमानतळावर तुम्हाला तिथलं सिम देईल. आपलं सिम काढून ते घातलं की व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणून सगळं चालतंय असं वाटतं. बँकेचे मेसेज मात्र त्या काढलेल्या सिमवर येतात, आणि ते सिम पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं असतं. दोन सिमचा फोन वापरा. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची मुदत तुम्ही परत येईपर्यंत पुरेल हे पाहा.

बँकेचा १८०० ने सुरू होणारा फुकट नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. परदेशातून लावायचा, अधिक ९१ वाला नंबर वेगळा असतो. तो वहीत लिहा, फोनमध्येच ठेवू नका. वेळेचंही गणित आहे. मे महिन्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. शाखा दुपारी चारला बंद होते तेव्हा तिकडं साडेअकरा वाजलेले असतात. शाखेशी बोलायचं तर नाश्त्याच्या वेळेलाच.

पैशांचं थोडक्यात. यजमान म्हणतात, ‘यूपीआय आहे की!’ २०२४ पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरवर यूपीआयनं तिकीट काढता येऊ लागलं, ही बातमी त्यांनी वाचली असेल. पण तेवढ्यावर पोर्तुगालात विसंबू नका. कार्डावर बँका परकीय चलनाचा आकार लावतात, साडेतीन टक्क्यांपर्यंतही, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. दहा हजारांच्या खरेदीवर ४१३ रुपये वर गेले असं धरा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घेतलंत तर हा आकार एकदाच, भरताना, दरातून जातो, आणि गेलं तर त्यात भरलं तेवढंच जातं. तुमच्यासाठी मला ते मुख्य कार्ड म्हणून बरं वाटतं, बँकेची दोन्ही कार्डं मागं आधाराला. थोडे रोख युरोही ठेवा. पोर्तुगालात एटीएमचं जाळं मल्टिबँको नावाचं आहे, आणि काही लहान दुकानं तिथलीच कार्डं घेतात. आणि मशिननं ‘रुपयांत द्यायचे की युरोत?’ असं विचारलं तर युरो. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून गोड वाटतो, पण त्याचा दर दुकानाच्या बाजूचं यंत्र ठरवतं आणि तो महाग पडतो.

तिकडं असताना कुणी फोन करून ‘बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड परदेशात वापरलं गेलं, ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवा आणि वहीतल्या नंबरवर स्वतः लावा. खऱ्या बँकेला ओटीपी विचारायची गरज पडत नाही. प्रवासातला माणूस आधीच धास्तावलेला असतो, त्याला हे फोन खरे वाटतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. यजमानांना न सांगता जाऊ नका. त्यात काही मोठं पाप आहे म्हणून नव्हे. कार्ड त्यांच्या नावाचं असताना तुम्ही एकट्यानं दिलेल्या अर्जानं काही होणारही नाही, आणि झालंच तर पहिला मेसेज पुतण्याला जाईल, पुतण्या काकांना फोन करेल. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि तो स्विच त्यांच्याच बोटानं सुरू करू द्या. ज्या माणसाला बँकेवर विश्वास नाही, त्याला आपलं कुलूप आपल्या हातात आहे हे आवडतं. मी काऊंटरवर असे कितीतरी आजोबा पाहिलेत. एकदा स्विच सापडला की ते दर महिन्याला तो उघडून बंद आहे ना, हे बघतात. परत आल्यावर तो बंद करायची आठवण तुम्हाला करावी लागणार नाही.

पुतण्याला मात्र नंबर बदलल्याचं तुम्हीच सांगा, यजमानांवर सोपवू नका. इतकी वर्षं दुपारची झोप मोडून त्यानं ओटीपी वाचून दाखवलेत. लिस्बनहून त्याच्यासाठी काहीतरी आणा, तुमच्या नावाच्या कार्डावर.